फेरीबोट भरल्याशिवाय सोडायची नाही: कामात लक्ष टिकवायचं कसं

मी गोव्यातल्या चोडण बेटावरची. रोज सकाळी स्कूटर फेरीबोटीत घालायची, रायबंदरला उतरायचं आणि कॉजवेवरून पणजी, तिथं एका सीएच्या ऑफिसात मी अकाउंट्स आणि जीएसटी बघते. हे आधीच सांगते कारण लक्ष कसं टिकवावं यावर जे लोक सल्ले देतात त्यांना बहुतेक सकाळचे दोन तास दार लावून बसायला मिळत असावेत. माझ्या टेबलावर लँडलाईन, ऑफिसचा मोबाईल, माझा स्वतःचा मोबाईल, समोरच्या खुर्चीत बिलांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला क्लायंट आणि आतून सरांचा आवाज, "जरा हें बघ गो". तर खाली जे लिहिलंय ते अशा बाजारात बसून करून बघितलेलं आहे.

निमित्त झालं एका चुकीचं. जीएसटीचा ३बी रिटर्न महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे १८, १९, २० हे तीन दिवस आमच्याकडे जत्राच. अशाच एका १९ तारखेला मी एका हॉटेलवाल्याचा रिटर्न भरत होते, मध्येच वाड्याच्या ग्रुपवर देवळाच्या वर्गणीवरून भांडण पेटलं ते वाचलं, एक फोन घेतला, त्या फोनवाल्याची एक्सेल उघडून त्याला आकडा सांगितला, आणि परत येऊन समोर उघडी असलेल्या त्याच एक्सेलमधला आकडा हॉटेलवाल्याच्या रिटर्नात टाकून फाईल करून मोकळी. ३बी एकदा फाईल झाला की रिवाइज होत नाही, पुढच्या महिन्यात अ‍ॅडजस्ट करत बसावं लागतं. सर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. संध्याकाळी फेरीत उभी राहून विचार करत होते की हे काम मला येत नाही का, तर येतं, बारा वर्षं करतेय. घाई होती का, तर ती दर महिन्याला असते. मी त्या वेळी त्या रिटर्नात नव्हतेच, एवढंच.

आणि फेरीकडे बघताबघताच आधी कुठंकुठं वाचलेलं सगळं डोक्यात जागच्या जागी बसलं.

रायबंदर ते चोडण पाण्यावरची वेळ जेमतेम पाच-सात मिनिटं. पण चोडणच्या कुठल्याही माणसाला विचारा पलीकडे जायला किती वेळ लागतो, तो पाच मिनिटं म्हणणार नाही. फेरी पलीकडे असली तर येईपर्यंत थांबा, मग रॅम्प खाली, आतल्या गाड्या बाहेर, बाहेरच्या आत, त्यात कोणतरी आपली कार तिरकी लावून बसणार, त्याला सरळ करायला लावा, मग कुठं सुटणार. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना डोकं हेच करतं. व्हॉट्सॅप बघायला वीस सेकंद लागतात हे खरं, पण ते नुसते पाण्यावरचे वीस सेकंद झाले, चढणं-उतरणं त्यात धरलेलंच नाही.

हे मोजायला लोकांनी फार पूर्वी सुरवात केली. १९२७ साली आर्थर जरसिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लोकांना आधी एकाच प्रकारची कामं सलग दिली आणि मग दोन प्रकारची आलटूनपालटून, आलटूनपालटून करताना वेळ जास्त लागला. २००९ मध्ये सोफी लेरॉय यांनी त्यातल्या एका भागाला अटेन्शन रेसिड्यू असं नाव दिलं, म्हणजे आधीच्या कामाचा साका भांड्याच्या तळाशी राहतो आणि आपण नवीन काम त्याच भांड्यात ओततो. माझ्या रिटर्नात दुसऱ्याचा आकडा आला तो असाच.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा, दोन मिनिटांचा खेळ आहे. कोणालातरी घड्याळ धरायला सांगा. आधी चैत्र ते फाल्गुन भराभर म्हणा. मग बारा ते एक उलटे आकडे म्हणा. दोन्हींच्या वेळा लिहून ठेवा. आता दोन्ही एकत्र, चैत्र बारा, वैशाख अकरा, ज्येष्ठ दहा, असं. दोन्ही गोष्टी तोंडपाठ असून भाद्रपदापाशी माझी तर गाडी अडकलीच, आणि वेळ दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या घरात हा खेळ चवथीला सगळ्या पाहुण्यांवर करून झाला, एक भाचा सोडला तर सगळे आपटले.

मल्टिटास्किंग हा शब्दच मुळात कॉम्प्युटरवाल्यांचा, १९६० च्या दशकातला. आणि तिथंही एक प्रोसेसर एका वेळी एकच काम करायचा, फक्त इतक्या झपाट्यानं बदलायचा की बघणाऱ्याला सगळं एकदम चाललंय असं वाटावं. फरक एवढाच की कॉम्प्युटर एक काम सोडताना आपण कुठं होतो ते तंतोतंत लिहून ठेवून जातो. आपण ठेवत नाही. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आता कोणतरी म्हणणारच, मग आई कशी करते? एका चुलीवर भात, दुसऱ्यावर हुमण म्हणजे माशांची कढी, तिसऱ्यावर बांगडे तळायला, हातात मोबाईल आणि मामीशी बोलणं. मी आईच्या बाजूला उभी राहून नीट बघितलं. भात आपापला शिजत असतो, हुमणाला एकदा सोलां घातली की त्याला आईची गरज नाही, तिचे डोळे फक्त बांगड्यावर. आणि बांगडा उलटायच्या क्षणी ती मामीला "थांब गो जरा" म्हणते, दर वेळी. म्हणजे ती एका वेळी एकच करते, बाकीची कामं कधी आपल्या पायावर चालतात आणि कधी बोलावतात हे तिला चाळीस वर्षांच्या सवयीनं माहीत आहे. बायकांना मल्टिटास्किंग जन्मतःच जमतं म्हणून जे चार गोड शब्द ऐकवतात ते मला आता ऐकवत नाहीत, त्याचा अर्थ शेवटी "हे पण तूच कर" एवढाच निघतो. २०१९ मध्ये जर्मनीत ४८ पुरुष आणि ४८ बायका घेऊन हे तपासलं तर दोघांत फरक दिसला नाही, दोघंही सारखेच अडखळले.

आणि आपले खाप्रुमाम? गोव्याचे तबलावादक, लयब्रह्मभास्कर खाप्रुमाम पर्वतकर, एका हातानं एक ताल, दुसऱ्या हातानं दुसरा, पायानं तिसरा आणि तोंडानं आणखी वेगळा धरायचे असं आमच्याकडे जुने लोक सांगतात. पण ते सगळे ताल एकाच लयीला टांगलेले, आत गणित एकच, आणि त्यामागं आयुष्यभराची साधना. माझी जीएसटी आणि वाड्याची वर्गणी एका लयीत नाहीत. अमेरिकेत २०१० मध्ये २०० लोकांना गाडी चालवणं आणि डोक्याचं काम एकदम करायला लावलं तेव्हा २.५ टक्के लोक दोन्ही न बिघडवता करू शकले. आपण त्या अडीच टक्क्यांत आहोत असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे, पण भाद्रपदापाशी अडकला होता ना.

आधी एक दिवस नुसतं मोजा

काही सुधारायचं नाही, नुसतं मोजायचं. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू घ्या, हातातलं काम सोडून दुसरीकडे गेलात की एक रेघ. दुसऱ्या कोणी सोडायला लावलं तर आडवी, स्वतःहून सोडलं तर उभी. माझ्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ४१ रेघा झाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त उभ्या. मला वाटत होतं सर आणि क्लायंट मला काम करू देत नाहीत, पण सगळ्यात जास्त त्रास देणारी बाई माझ्याच खुर्चीत बसलेली निघाली.

कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या बाई वीसेक वर्षं हेच मोजतायत, सुरवातीला तर स्टॉपवॉच घेऊन ऑफिसातल्या माणसांच्या मागे बसून. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, २०१२ मध्ये ७५ सेकंद, आणि अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. त्यांनाही हेच दिसलं की जवळपास निम्म्या वेळा माणूस स्वतःच स्वतःला तोडतो. आणि अर्धवट सोडलेल्या कामावर परत यायला सरासरी २३ मिनिटं लागतात, कारण माणूस सरळ परत येत नाही, वाटेत अजून दोनेक कामांना हात लावून येतो. चोडणहून दिवाडीला जाऊन मग रायबंदरला यावं तसं.

उभ्या रेघांच्या बाजूला एकेका शब्दात कारणही लिहा. माझी कारणं वाचून मलाच हसू आलं, "कंटाळा", "बेरीज जुळेना", "कंटाळा", "सरांना विचारायला पाहिजे पण भीती", "चहा", "बेरीज जुळेना". म्हणजे फोन वाजतो म्हणून मी जात नव्हते, काम जिथं अवघड व्हायचं तिथून मी पळत होते. हे कळलं की अर्धं काम झालं, कारण मग फोनशी भांडायचं की बेरजेशी ते ठरवता येतं.

फेरी भरा, मग सोडा

मुख्य युक्ती हीच आहे. एका स्कूटरसाठी कोणी फेरी सोडत नाही, मग एका मेसेजसाठी आपण का सोडतो? सारखी कामं साठवा आणि एका खेपेत पलीकडे न्या. माझ्या मेसेजच्या खेपा तीन, ११ वाजता, १ वाजता जेवायच्या आधी आणि साडेचारला. त्या वेळी मी सगळं बघते, सगळ्यांना उत्तरं देते, वर्गणीचं भांडण पण चवीनं वाचते, त्यात मला काही पाप वाटत नाही. फोन करायचे असतील ते एका चिठ्ठीवर लिहीत जायचं आणि ओळीनं उरकायचे. सरांना विचारायच्या शंकासुद्धा एका कागदावर साठवते, चार झाल्या की आत जाते. आधी मी एकेक शंका घेऊन आत जायचे, म्हणजे माझी फेरी तर सुटायचीच, सरांचीही सुटायची.

क्लायंटचं काम पण तसंच. आधी मी दहा जणांचे विक्रीचे आकडे, खरेदीचे आकडे, बँक, असं जे हातात येईल ते करायचे. आता एकाच माणसाची पिशवी उघडायची, बाकीच्या टेबलाखाली, डोळ्यांना दिसता कामा नयेत. स्क्रीनवर पण एकाच माणसाची एक्सेल. १९ तारखेची ती चूक दुसरी फाईल उघडी नसती तर झालीच नसती, एवढी साधी गोष्ट.

पहिले तीन-चार दिवस जीव नुसता कासावीस होतो, हात आपोआप फोनकडे जातो. मी टेबलावर शेंगदाण्याची बाटली ठेवली होती, हात गेला की एक शेंगदाणा. वजन वाढलं थोडं, ते असो.

फोन, आणि ओटीपीचं काय करायचं

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असं सगळे सांगतात. आमच्याकडे रिटर्न फाईल करायचा तर ओटीपी येतो, तो कधी क्लायंटच्या फोनवर, कधी ऑफिसच्या, आणि क्लायंट तो व्हॉट्सॅपवर पाठवतो. फोन बाजूला ठेवून माझं काम कसं व्हायचं? बँकवाले, डिलिव्हरीवाले, शाळेत मुलं असलेल्या आया, सगळ्यांचं हेच. म्हणून फोन ठेवायचा, त्याची तोंडं बंद करायची.

सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन एकेका अ‍ॅपचं बघा. मी फोन कॉल आणि साधे एसएमएस एवढेच चालू ठेवले. बँका, शॉपिंग, न्यूज, इन्स्टा, सगळ्यांचं बंद, त्यांच्याकडे मला कळवण्यासारखं काही नसतं, त्यांना मला बोलवायचं असतं. व्हॉट्सॅपचे ग्रुप म्यूट करताना आठ तास, एक आठवडा, कायमचं असे पर्याय येतात, कायमचं निवडा. त्यापुढे जाऊन मी सगळे ग्रुप आर्काइव्ह केले, म्हणजे ते वरच्या यादीत दिसतच नाहीत, पण कोणी तुमचं नाव घालून मेसेज टाकला किंवा तुम्हाला रिप्लाय दिला तर तेवढं कळतं. ग्रुप सोडायची गरज नाही. गावात ग्रुप सोडणं म्हणजे वर्तमानपत्रात नोटीस दिल्यासारखं होतं.

डू नॉट डिस्टर्ब लावायला लोक घाबरतात, घरी काही झालं तर? त्यासाठी दोन सोयी आहेत आणि बऱ्याच जणांना माहीत नसतात. एक, ठरावीक नंबर आत सोडता येतात, माझ्यात आई, नवरा आणि शाळा. दुसरी, रिपीट कॉलर्स नावाचं एक बटण असतं, ते चालू असलं तर तोच माणूस परत फोन करतो तेव्हा घंटी वाजते, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत परत केला तर आणि आयफोनवर ३ मिनिटांत. मग सगळ्यांना एकच सांगायचं, अर्जंट असलं तर लागोपाठ दोनदा फोन कर. ओटीपीच्या वेळी मी क्लायंटला आधी फोन करून सांगते, आता ओटीपी येईल, फोनवरच वाचून दाखव. व्हॉट्सॅप उघडावंच लागत नाही.

फोन उलटा ठेवा, ड्रॉवरमध्ये ठेवा, यावर २०१७ मध्ये टेक्सासमध्ये एक प्रयोग झाला होता, की फोन टेबलावर नुसता पडून असला, अगदी बंद असला तरी डोक्याची थोडी ताकद खातो. पुढे दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा सगळ्यांना तसंच सापडलं असं नाही, म्हणून मी शपथेवर सांगत नाही, पण माझा ड्रॉवरमध्येच असतो. स्क्रीन काळीपांढरी करायची युक्ती पण करून बघितली, दोन दिवसांनी वैतागून रंग परत आणले.

माणसांना सांगणं

हे सगळ्यात अवघड, आणि सेटिंग्जमध्ये याचं बटण नाही.

माणसं अडवली की राग येतो, पण कधी भेटेल ते सांगितलं की येत नाही, हे गोव्यात आपल्याला कोणी शिकवायला नको. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, बाहेरचे पर्यटक चिडतात, आपण चिडतो का? नाही, कारण चारला उघडणार हे ठाऊक असतं. मी हेच केलं. ऑफिसच्या मोबाईलच्या स्टेटसवर लिहिलं, "मेसेज ११, १ आणि ४.३० ला बघते, अर्जंट असल्यास दोनदा फोन करा." पहिल्या आठवड्यात तिघांनी टोमणे मारले, कलेक्टर झाली काय म्हणून. दुसऱ्या आठवड्यापासून लोक पावणेअकराला मेसेज टाकायला लागले.

सरांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. "सर, तुम्ही हाक मारू नका" असं म्हणायची माझी काय बिशाद. मी म्हटलं, सर, १८ ते २० या तीन दिवसांत १० ते १२ मी फक्त रिटर्न भरते, तुमची कामं कागदावर लिहून माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाका, १२ ला सगळी घेऊन आत येते. आकड्यांची ती चूक ताजी होती म्हणून ऐकलं असेल. ऐकलं खरं. पूर्ण नाही, पण पाचातल्या तीन हाका कमी झाल्या.

घरी हे जमत नाही. पोरांना "साडेचारला उत्तर देते" असं सांगता येत नाही. घरी मी उलटं करते, पोरं जागी असताना डोकं लागणारं काम घेतच नाही, त्या वेळात कपडे घड्या करणं, भाजी निवडणं असलं काम, ज्याच्यातून कोणीही कधीही उठवलं तरी चालतं.

बोट ओळीवर

तरी कोणीतरी उठवणारच. इथं ती कॉम्प्युटरची गोष्ट आठवा, जाताना लिहून ठेवायची.

आमच्या जत्रेला बायकांचं नाटक असतं, त्यात मी प्रॉम्टर. प्रॉम्टरचा एकच नियम, बोट ओळीवरून उचलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी विंगेत उभी असताना फोन थरथरला म्हणून मी एक सेकंद बघितलं, एवढंच, आणि परत वहीत बघते तर ओळ सापडेना. स्टेजवर आमची नायिका अश्रू पुसत पुसत माझ्याकडे बघतेय, मी पानं उलटतेय, शेवटी तिनं स्वतःच्या मनानं "हे देवा, आता मी काय करू" असं तीनदा म्हटलं. लोकांना वाटलं काय अभिनय करतेय, टाळ्या पडल्या. ती माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हती.

तर ऑफिसात उठायच्या आधी एक ओळ लिहा. मी पेन्सिलनं बिलावर टिक करते आणि चिठ्ठीवर लिहिते, "जुलै खरेदी, ३४ नंबरपर्यंत झालं, पुढं ३५, याचा टॅक्स रेट बघायचा." पुढचं पाऊल लिहिणं महत्त्वाचं, नुसतं "खरेदी चालू" लिहून उपयोग नाही. क्लायंट समोर उभा असला तरी "एक मिनिट हं" म्हणून लिहायचंच, दहा सेकंद लागतात, कोणी मरत नाही. लेरॉय बाईंनीच पुढं दाखवलं की असं पुढचं पाऊल लिहून उठणाऱ्यांचं डोकं मागच्या कामात कमी अडकतं. बर्लिनमध्ये १९२० च्या दशकात ब्लूमा झायगार्निक यांनी दाखवलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवणीत घुटमळतात. कागदावर उतरली की ती डोक्याला सोडतात, निदान माझ्या तरी.

संध्याकाळी ऑफिस सोडतानाही तेच, उद्या सकाळी पहिलं काय ते लिहून बाहेर पडायचं. नाहीतर ते काम फेरीत चढतं, घरी येतं आणि जेवताना ताटाशेजारी बसतं.

किती वेळ सलग बसायचं याचा एक आकडा नाही. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं किचनचं टायमर लावून २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी असं सुरू केलं, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणून ते पोमोदोरो. चांगलं आहे, पण माझी बेरीज २४ व्या मिनिटाला जुळायला आली तर मी उठत नाही, टोमॅटो गेला खड्ड्यात. आकडे तपासायच्या कामाला मात्र अर्ध्या तासाच्या वर बसू नका. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवाल्यांसाठी प्रयोग केला होता, एक काटा टिकटिक सरकत जातो आणि मधूनच डबल उडी मारतो, ती पकडायची. पहिल्या अर्ध्या तासानंतर लोकांच्या हातून जास्त उड्या सुटायला लागल्या. जीएसटीची बिलं तपासणं म्हणजे हेच काम, मी अर्ध्या तासानं उठून खिडकीपाशी जाते. टायमर फोनवर लावू नका, बंद करायला फोन उचलाल आणि मग परत कधी ठेवाल त्याचा नेम नाही. मी म्हापशाच्या बाजारातून साधं चावीचं घड्याळ आणलं.

आणि जेवणानंतर डोकं लागणारं काम काढूच नका. दुपारी डोकं जड होणं ही शरीराच्या घड्याळाची चाल आहे, नुसता शितकढीचा दोष नाही. आपल्या लोकांनी सियेस्ताची, म्हणजे दुपारच्या झोपेची, सवय धरली ती काही आळस म्हणून नाही, पण पणजीच्या ऑफिसात झोपता येत नाही, म्हणून दोन ते साडेतीन मी शिक्के मारते, फाईली लावते, झेरॉक्स काढते. लाईट गेली तर उत्तम, पावसात ती जातेच, वायफाय बंद, फोनला रेंज नाही, मी वर्षातली सगळ्यात स्वच्छ कामं अशाच अंधाऱ्या दुपारी कागदावर केली आहेत.

स्कूटरवर मात्र यातलं काहीच नाही. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणारे रोज कॉजवेवर दिसतात, आणि ते म्हणतात हात तर मोकळे आहेत. यूटामध्ये डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००१ मध्येच दाखवलं की हातात धरलेला फोन आणि हँड्सफ्री, दोन्हींनी गाडी चालवणं सारखंच बिघडतं, कारण जागा हातात कमी पडत नाही, डोक्यात कमी पडते. बाजूला बसलेला माणूस समोर बैल आला की गप्प होतो, फोनवरचा होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून चालवणं कायद्यानं थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, पण तालांवापेक्षा, म्हणजे पोलिसांच्या दंडापेक्षा, बैल वाईट. फेरीत चढेपर्यंत कुणाचाच फोन घ्यायचा नाही, नवऱ्याचाही नाही.

गोल्डफिशचं खोटं

माणसाचं लक्ष आता आठ सेकंदांवर आलं, गोल्डफिशचं नऊ, असं जे फिरतं ते २०१५ च्या एका कंपनीच्या रिपोर्टमुळे पसरलं, आणि मुळात शोधायला गेल्यावर त्या आकड्यामागं कुठलाच धड अभ्यास सापडला नाही. आमच्याकडे जत्रेला रात्री अकराला नाटक सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, आणि जी पोरं रीलवर दहा सेकंद थांबत नाहीत तीच पोरं खुर्च्या घेऊन शेवटपर्यंत बसलेली असतात. लक्ष मेलेलं नाही. नाटकाला पडदा असतो, अंक संपतो, चहा मिळतो. रीलला पडदाच नाही. खाली ओढत गेलं की संपत नाही असं पान २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं काढलं आणि नंतर त्यानंच जाहीरपणे पश्चात्ताप केला. म्हणून पोरांना "फोन बंद कर" असं अधल्यामधल्या वेळी ओरडण्यापेक्षा मी पडदा आधीच सांगते, भाताच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. मुलगा कुरकुरतो, पण शिट्टीशी भांडता येत नाही.

आता एक सूट. चवथीच्या आदल्या आठवड्यात यातलं काही करायला जाऊ नका. माटोळीचं म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं सामान, नेवऱ्या, पाहुणे, आरतीला वाजवायचं घुमट दुरुस्तीला, आणि कित्येकदा डोक्यावर सप्टेंबरची २० तारीख, त्या आठवड्यात माझे सगळे ग्रुप आर्काइव्हमधून बाहेर येतात आणि मी पण सगळीकडे एकदम असते, एक ना धड भाराभर चिंध्या. फक्त रिटर्न तेवढे त्या आठवड्याच्या आधी भरून टाकते. आमचा गणपती दीड दिवसाचा, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी परत ग्रुप आर्काइव्ह, चावीच्या घड्याळाला चावी, आणि ३५ नंबरचं बिल.